भाऊसाहेबांचा तोतया पकडणारे नाना फडणवीस स्वतः नगरच्या किल्ल्यात कसे अडकले?

तोतया हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वाचला? बहुतेक याच आठवड्यात. तोतया पोलीस, तोतया आयकर अधिकारी, तोतया सीबीआय अधिकारी. पेपरच्या आतल्या पानावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हा शब्द आता रोजचा झालाय.

गोष्ट साधारण एकाच चालीची असते. फोन येतो. पलीकडचा माणूस सांगतो की तो आयकर विभागातून बोलतोय. तुमचं नाव, पॅन, कधीकधी पत्तासुद्धा त्याला माहीत असतो. तुमच्या खात्यावर मोठा व्यवहार दिसतोय, कर बुडवलाय, वॉरंट तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत रक्कम भरली तर मिटेल. तोवर फोन ठेवायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. मग पैसे जातात, बातमी येते आणि बातमीखाली कमेंट पडते की एवढी शिकली-सवरलेली माणसं अशी फसतातच कशी.

या कमेंटचं उत्तर द्यायला मराठी इतिहासात एक माणूस आहे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी जो अर्धा, तो. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे, कारण डोकं होतं पण तलवार नव्हती, असं म्हणतात. या अर्ध्या शहाण्यानं मराठी राज्यातल्या सगळ्यात गाजलेल्या तोतयाचा बंदोबस्त केला. आणि त्यानंतर २१ वर्षांनी तोच माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून पकडला गेला, नगरच्या किल्ल्यात कैद झाला आणि सुटकेसाठी पैसे मोजून बाहेर आला.

फडणीस म्हणजे नेमकं काय?

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. हे तेच मंडणगड तालुक्यातलं वेळास, जिथं आज लोक कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गर्दी करतात.

आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीला गेले होते आणि १७१९ मध्ये तिथंच मारले गेले. तेव्हापासून भानू घराणं आणि पेशव्यांचं घराणं एकमेकांना धरून राहिलं. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि फडणिशी १४ वर्षांच्या पोराच्या हातात आली.

फडणीस म्हणजे हिशेबाचा मुख्य माणूस. कुठल्या परगण्यातून किती वसूल यायचा, किती आला, किती थकला, फौजेवर किती गेला, हे सगळं फडणिशी दप्तरातून जायचं. आजच्या भाषेत करवसुलीचं खातं आणि लेखापरीक्षण एकाच टेबलावर. त्यामुळे नानांची पुढची सगळी ओळख कागदाची आहे. कोण काय बोलतो यापेक्षा कागद काय म्हणतो आणि तो कुठून आला, हे बघायची सवय त्यांना मिसरूड फुटायच्या वयात लागली.

पानिपतात हरवलेला माणूस

१७५९ च्या नोव्हेंबरात सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी निजामाकडचा नगरचा किल्ला घेतला. लढून नाही. किल्लेदार कवी जंगला पैसे आणि जहागीर देऊन. दख्खनमधल्या अतिशय मजबूत किल्ल्यांपैकी एक, आणि तो आतल्या माणसानं उघडला. या किल्ल्याकडे आपण परत येणारच आहोत, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

पुढे फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तिथून भाऊ उत्तरेत अब्दालीच्या अंगावर गेले. नाना तेव्हा १८ वर्षांचे. आई आणि बायकोला तीर्थयात्रा घडेल म्हणून त्यांनाही बरोबर घेतलेलं. भाऊंची नानांवर माया होती, रोजचं बोलणं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण भाऊसाहेब दिसायचे कसे, बोलायचे कसे, कोणत्या गोष्टीवर चिडायचे, हे नानांनी अगदी जवळून पाहिलेलं होतं.

१४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते वेगळं सांगायला नको. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. नाना अंगावरचे कपडे टाकून, उंच गवतात लपत, पायी चालत निसटले. बायको पुढे सुखरूप मिळाली, आई परत आली नाही. नानांनी तरुणपणाचं आत्मचरित्र लिहून ठेवलंय आणि त्यात हा पळतानाचा भाग आहे. शूरपणाचा आव न आणता लिहिलेला, म्हणून वाचण्यासारखा.

भाऊंचं म्हणून एक शिर नसलेलं धड सापडलं, अग्नी दिला गेला. पण पुण्यात ते कुणी पाहिलं नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परत आल्या आणि त्यांनी कुंकू पुसलं नाही. नवरा मेला हे त्यांनी मानलंच नाही. एका घरातलं हे दुःख होतं, पण अख्खं राज्यच त्या अवस्थेत होतं. एक पिढी कापली गेलेली आणि भाऊ कुठंतरी जिवंत असतील अशी आशा.

तोतयाला लागणारी जमीन ती हीच. आज फोनवर भीती वापरतात, तेव्हा आशा वापरली गेली.

भाऊ परत आले!

काही वर्षांतच उत्तरेतून एक माणूस पुढे आला. आपण सदाशिवरावभाऊ, असं सांगत. खरं नाव सुखनिधान, जात कनोजा ब्राह्मण, असं पुढे निघालं. चेहऱ्यात थोडंफार साम्य होतं आणि उरलेलं काम लोकांच्या इच्छेनं केलं.

तेव्हा गादीवर थोरले माधवराव होते. त्यांनी त्याला पकडलं, भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर आणलं, तो तोतया ठरला आणि कैदेत गेला. लगेच मारलं नाही. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात हलवत शेवटी त्याला रत्नागिरीला ठेवलं. तिथले सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे.

माधवराव असेपर्यंत विषय संपल्यासारखा होता. पण १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादांनी गादी घेतली, मग बारभाईंनी त्यांना हटवलं. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि ४० दिवसांच्या आसपासचं बाळ पेशवा झालं. कारभार सखारामबापू आणि नाना यांच्या हातात. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला. १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह झाला तरी इंग्रज पूर्ण मोकळे व्हायला तयार नव्हते.

म्हणजे १७७६ ची परिस्थिती बघा. पेशवा दोन वर्षांचा. खरा हक्कदार कोण यावर भांडण. घरात कर्ता पुरुष नाही. अशा वेळी पेशव्यांच्या घरातला, लढाया जिंकलेला, चाळिशीतला माणूस जिवंत आहे अशी बातमी आली तर? लोकांना ती खरी असायला हवी होती.

आणि रत्नागिरीच्या सुभेदारानंच कैदी सोडला. नुसता सोडला नाही, भाऊसाहेब म्हणून उभा केला.

इथं थोडं थांबूया, कारण ही सगळी गोष्ट या एका माणसापाशी येते. सुखनिधान एकटा फिरत होता तेव्हा तो एक संशयित इसम होता. परांजप्यांनी हात धरला आणि तो सरकार झाला. कोकणातल्या खोताला, महालकऱ्याला, गडावरच्या शिपायाला भाऊसाहेब कुठं माहीत होते? त्यांना माहीत होता सुभेदार. सुभेदार खरा होता, त्याचा शिक्का खरा होता, त्याच्या हातातली फौज खरी होती. खऱ्या अधिकाऱ्यानं हमी दिली म्हटल्यावर पुढं संशय घ्यायला साधं माणूस कुठल्या बळावर उभं राहणार?

आजच्या कॉलमध्ये परांजप्यांची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतलीय. व्हिडिओ कॉलवर मागं दिसणारा अशोकस्तंभ, अंगावर गणवेश, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली शिक्क्याची पीडीएफ, ट्रूकॉलरवर दिसणारं खात्याचं नाव. आणि सगळ्यात जास्त काम करतो तो तुमचा पॅन नंबर, जो त्याला आधीच माहीत असतो. माहिती खरी आहे म्हणून माणूसही खरा वाटतो.

तोतयाकडे माणसं जमत गेली. फौज २० हजारांपर्यंत गेली. पावसाळ्यात कोकणात पुण्याची फौज उतरवणं अवघड, त्या मुदतीत बहुतेक कोकण त्याच्या बाजूला गेलं. किल्ले हातात आले. आणि त्या काळात ज्याच्या हाती किल्ला, त्याच्या हाती वसूल. फडणिशीच्या दप्तरात ज्या महालांचे आकडे यायचे त्या महालांवर एक तोतया मालक होऊन बसला. नानांना हा राजकीय धोका होताच. पण हिशेबाच्या माणसाला तो किती बोचला असेल याचा अंदाज करा.

पावसाळा सरता सरता तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला. पुणं आता लांब नव्हतं. महादजी शिंदे आणि तोफखान्याचे भिवराव पानसे त्याच्यावर गेले आणि एवढी मोठी फौज टिकली नाही. सुखनिधान घाट उतरून पळाला, होडीतून मुंबईकडं निघाला, इंग्रजांचा आसरा मिळाला तर बघावं म्हणून. पण तो कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांच्या हातात सापडला. आंग्र्यांनी त्याला पुण्याला रवाना केलं. तिथं खात्री करून डिसेंबर १७७६ मध्ये हत्तीच्या पायी देऊन त्याला मारलं. शिक्षा आज अंगावर काटा आणते. तेव्हा ती जाणूनबुजून लोकांना दिसेल अशी दिली जायची, म्हणजे उद्या भाऊ पुन्हा जिवंत व्हायला नकोत.

न. चिं. केळकरांचं तोतयाचे बंड हे नाटक याच प्रकरणावर आहे. पार्वतीबाई काय सोसत होत्या, हे नाटकवाल्यांना नेमकं कळलं होतं.

नाना या प्रकरणात का जिंकले? त्यांनी चेहऱ्यावर वाद घातला नाही. माधवरावांच्या काळात झालेली तपासणी त्यांच्याकडं होती. भाऊंना पाहिलेली माणसं होती, त्यात ते स्वतः होते. आणि तोतयाच्या गोटाबाहेरची ताकद होती. तोतयाचं खरंखोटं तोतयाच्या माणसांना विचारून ठरवायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मीरा रोडचे साहेब

आता २४० वर्षं पुढं येऊ. ऑक्टोबर २०१६. ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. आत ७०० च्या वर पोरंपोरी काम करत होती. सत्तरेक जणांना अटक झाली. काम काय, तर अमेरिकेत फोन लावायचा, इंग्रजी नाव सांगायचं, आपण तिथल्या कर खात्याचे म्हणजे आयआरएसचे अधिकारी आहोत असं बजावायचं आणि थकलेल्या कराच्या नावाखाली पैसे काढायचे. पैसे कसे? गिफ्ट कार्ड. समोरच्यानं दुकानात जाऊन कार्ड विकत घ्यायचं आणि त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा. कुठलं कर खातं गिफ्ट कार्डावर वसुली करतं, हा प्रश्न शांत डोक्यानं बसलेल्या माणसाला लगेच सुचतो. घाबरलेल्याला सुचत नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं अशाच धंद्यात ५६ माणसं आणि भारतातल्या ५ कॉल सेंटरांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. फसलेल्यांचा आकडा १५ हजारांच्या वर होता. त्यात वयस्कर माणसं आणि नुकतीच तिकडं स्थायिक झालेली माणसं बरीच. २०१८ मध्ये अमेरिकेत २४ जणांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंत.

तेव्हा आपल्याकडं हसू आलं होतं. अमेरिकन लोक किती भोळे वगैरे. मग तीच तालीम मराठी आणि हिंदीत आली आणि फोन आपल्या घरी वाजायला लागले.

खर्डा ते नगर

नानांकडं परत जाऊ. तोतयानंतरची वीस वर्षं त्यांची होती. वडगाव, सालबाई, टिपूशी लढाया, सगळीकडं नानांचं डोकं. त्यांच्या बातमीदारांचं जाळं एवढं पसरलेलं की निजामाच्या आणि इंग्रजांच्या घरात काय शिजतंय ते पुण्यात कळायचं.

कळस झाला तो नगर जिल्ह्यातच. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ ला निजामाचा पराभव झाला. भांडण होतं थकबाकीचं, चौथाई-सरदेशमुखीच्या जुन्या हिशेबाचं. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली आले, ते शेवटचेच. एका फडणिसाला याहून मोठा विजय काय हवा? थकलेला वसूल मागायला अख्खं मराठी राज्य उभं केलं.

त्यानंतर सात महिन्यांत २१ वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडले आणि २७ ऑक्टोबर १७९५ ला गेले. मूलबाळ नाही. वारस राघोबांचा मुलगा, दुसरा बाजीराव, ज्याला नानांनी कैदेत वाढवलेलं. पुढचं वर्ष इतकं गुंतागुंतीचं आहे की ते सांगायला वेगळा लेख लागेल. थोडक्यात, नानांना पुणं सोडून महाडला पळावं लागलं आणि तिथं बसून त्यांनी पुन्हा सगळा डाव आपल्याकडं फिरवला. तरुण दौलतराव शिंद्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी त्यांनी जे देऊ केलं त्यात दहा लाखांचा मुलूख होता. आणि नगरचा किल्ला होता.

हो, तोच किल्ला. भाऊंनी पैसे देऊन घेतलेला. नानांनी तो शिंद्यांना देऊ केला आणि वर्षभरातच त्याच्या आत जाऊन बसले.

डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले, नाना कारभारी. पण बाजीरावांना नाना नको होते. दौलतरावांना पैसा हवा होता. आणि दौलतरावांजवळ कागलचे सखाराम घाटगे, म्हणजे सर्जेराव, येऊन बसले होते. सप्टेंबर १७९७ मध्ये नानांच्या बाजूचे मल्हारराव होळकर शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. नानांना धोका दिसत होता. ते शिंद्यांच्या गोटात जायला तयार नव्हते.

मग आला मायकेल फिलोज. इटलीतल्या नेपल्सचा माणूस, शिंद्यांच्या पलटणींचा सरदार. दौलतराव उत्तरेत जाणार आहेत, निरोपाची भेट आहे, नानांनी परतभेटीला यावं. फिलोजनं आपल्या इमानावर हमी दिली की नाना सुखरूप घरी परततील. त्या काळी नोकरीतल्या युरोपियन सरदाराच्या शब्दाला वजन असायचं. दरबारातल्या भांडणात तो कुणाचा नातेवाईक नसतो, त्याला अब्रू प्यारी असते, असा समज.

३१ डिसेंबर १७९७ ला नाना गेले. फिलोजनंच त्यांना पकडलं. बरोबरच्या हजारेक माणसांना लुबाडून हाकललं, काही मारले गेले. त्याच वेळी घाटग्यांची माणसं शहरात शिरून नानांचे आणि त्यांच्या लोकांचे वाडे लुटत होती. रात्रभर गोळीबार चालू होता. वाड्यात बाजीरावांनी कामाचं निमित्त काढून नानांच्या बाजूचे इतर कारभारी बोलावले आणि त्यांनाही अडकवलं.

५५ वर्षांचा, डोळ्यांत तेल घालून राहणारा, सगळ्या दरबारांत बातमीदार असलेला माणूस. तो फसला कसा?

माझं उत्तर असं आहे. १७७६ मध्ये नानांनी खात्री बाहेरून केली होती. १७९७ मध्ये खात्री देणारा ज्यांच्याकडून धोका होता त्यांच्याच पगारावर होता. हमी होती, पण ती त्याच गोटातून आलेली. आणि भेट रीतीची होती. नाही गेलं तर अपमान, संशय उघड, भांडण जाहीर. न जाण्याची किंमत जास्त वाटली की माणूस जाण्याची कारणं शोधतो.

आता तुमच्या फोनवर या. तुम्ही शंका घेतली तर तोतया साहेब चिडत नाही. तो म्हणतो, बरोबर आहे, खात्री करून घ्या. मग तोच एक नंबर देतो, तोच लिंक पाठवतो, तोच कॉल वरिष्ठांना जोडून देतो. तुम्हाला वाटतं आपण पडताळून घेतलं. प्रत्यक्षात तुम्ही फिलोजला विचारलंय की शिंदे कसे आहेत.

खरी पडताळणी तुम्ही सुरू केलेली असते. फोन ठेवायचा. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभाग पाठवतो त्या नोटिशीवर आणि पत्रावर एक क्रमांक असतो, त्याला डिन म्हणतात. पोर्टलच्या पहिल्या पानावर नोटीस खरी की खोटी हे तपासायची सोय आहे, लॉगिन न करताही चालते. अगदी मोजक्या अपवादांत हाती लिहिलेलं पत्र निघू शकतं, पण त्यावर तसं का ते नमूद करावं लागतं. जीएसटीच्या केंद्रीय खात्यानंही अशीच क्रमांकाची पद्धत ठेवलीय. कर भरायचाच असला तर तो तुमच्या पॅनवर चलन काढून सरकारच्या खात्यात जातो. कुणाच्या यूपीआयवर जात नाही, कुणाच्या बचत खात्यात तपासणीपुरता ठेवायला सांगत नाहीत. ओटीपी, पिन, पासवर्ड खातं विचारत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करून घरात बसवून ठेवायची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, डिजिटल अरेस्ट हा शब्द चोरांनीच आणलाय. पैसे गेलेच तर लाजत बसण्यात वेळ घालवू नका. १९३० वर लगेच फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच परत यायची शक्यता राहते.

सीएला विचारा, बँकेत काम करणाऱ्या चुलतभावाला विचारा, नाहीतर शेजारच्या काकांना विचारा. कुणालाही विचारा, फक्त पलीकडच्याला सोडून. घरात कुणाला सांगू नका असं तो का म्हणतो, ते यातून कळेल.

खऱ्या अधिकाऱ्याची भीती

एक गोष्ट मात्र या सगळ्या सायबर जनजागृतीत कुणी बोलत नाही. तोतया साहेबाला लोक घाबरतात कारण खऱ्या साहेबाला घाबरायची सवय जुनी आहे.

नाना नगरच्या किल्ल्यात असताना पुण्यात काय झालं ते बघा. दौलतरावांना फौजेचा पगार द्यायचा होता, घाटग्यांची मुलगी बायजाबाई हिच्याशी लग्नही व्हायचं होतं, खर्च मोठा. पुण्यातल्या सावकारांकडून आणि नानांच्या लोकांकडून पैसे काढायचं काम सर्जेराव घाटग्यांकडं आलं. हे काम पेशव्यांच्या मूकसंमतीनं चाललं होतं. म्हणजे घाटगे तोतया नव्हते, अधिकार खरा होता. लोकांना मारहाण करून, छळून पैसे काढले गेले. नानांचे नातेवाईक गंगाधरपंत भानू यांना तापलेल्या तोफेला बांधलं आणि ते त्यातच गेले. वसुलीचं नाव घेऊन दारात आलेला माणूस काय करू शकतो, हे पुण्यानं त्या वर्षी पाहिलं.

आजचा आयकर अधिकारी घाटगे नाही, अपिलं आहेत, कोर्ट आहे, कागद आहे. पण नोटीस आली म्हटल्यावर पोटात गोळा येतो तो कायदा वाचून येत नाही. कुठल्या तरी कार्यालयात तासन्‌तास उभं राहिल्याच्या, काम अडल्याच्या, बघून घेऊ असं ऐकल्याच्या आठवणीतून येतो. खात्यांनी साध्या मराठीत नोटिसा लिहिल्या आणि विचारणाऱ्याला सरळ उत्तर दिलं, तर तोतयांचं निम्मं भांडवल तिथंच संपेल.

दहा लाखांची सुटका

नाना नगरच्या किल्ल्यात सहा-सात महिने होते. बाहेर बाजीराव आणि दौलतराव यांचं एकमेकांशी बिनसलं. घाटग्यांचा जुलूम दोघांनाही झेपेना. दौलतरावांना पैशाची निकड होतीच आणि बाजीरावांवर वचक ठेवायला नानांसारखा माणूस बाहेर असणं सोयीचं होतं. जुलै १७९८ मध्ये १० लाख रुपये घेऊन नानांना सोडलं. खोट्या हमीवर अटक आणि मग सुटकेची रक्कम. ज्यानं आयुष्यभर राज्याची वसुली तपासली त्याच्याकडून झालेली ही वसुली.

किल्ल्यातून बाहेर आलेले नाना बदललेले होते. बाजीरावांनी पुन्हा कारभार घ्या म्हणून विनवलं तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. इंग्रज आणि निजाम, म्हणजे या भांडणाच्या बाहेरचे दोन पक्ष, जामीन राहतील तर येतो, अशी त्यांची अट होती. फिलोजच्या अनुभवानंतर हमी कुठून घ्यायची ते त्यांना कळलं होतं. पण मग एका रात्री बाजीराव एकटे त्यांच्या घरी गेले, पायांवर डोकं ठेवलं, वडिलांच्या जागी मानतो म्हणून शपथा घेतल्या. नाना विरघळले. जामीन राहिले बाजूला आणि त्यांनी कारभार हातात घेतला. थोड्याच दिवसांत दौलतरावांकडून त्यांना कळलं की बाजीराव त्यांना पुन्हा कैद करण्याच्या बेतात आहेत. बाजीरावांनी कानावर हात ठेवले आणि दुसऱ्यांच्या अंगावर ढकलून त्यांना तुरुंगात टाकलं.

त्यानंतर नाना कारभारात होते, पण पूर्वीसारखे कशातच नव्हते. १३ मार्च १८०० ला पुण्यात ते वारले. वय ५८.

फिलोज नानांना पकडल्यानंतर फार काळ शिंद्यांकडं टिकला नाही, मुंबईला निघून गेला. नगरचा किल्ला शिंद्यांकडं राहिला तो ऑगस्ट १८०३ पर्यंत. त्या महिन्यात आर्थर वेलस्लीनं आधी शहर आणि मग चार दिवसांत किल्ला घेतला. पुढे १९४२ मध्ये नेहरू आणि काँग्रेसचे मोठे पुढारी तिथंच कैदेत होते आणि नगरच्या किल्ल्याचं नाव निघालं की लोकांना तेच आठवतं. नानांची कैद कुणाच्या लक्षात नाही. किल्ला आता लष्कराच्या ताब्यात आहे.